मेढ्याच्या पुढं, शिंपल्यांची पिल्लं बघायला

जायचं ठरवलं ते मंगलताईंनी. मंगलताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. तासगावजवळच्या त्यांच्या शेततळ्यात मोत्यांचे शिंपले पाळायचं त्यांच्या मनात होतं. नदीत शिंपले आता सहजी सापडत नाहीत. मेढ्याच्या पुढच्या एका वाडीत शमशादभाभी नावाच्या बाई घरच्या हौदात त्यांची पिल्लं वाढवतात, असं कळलं. फोन झाला आणि आम्ही दोघी सांगलीहून एसटीनं निघालो.

कऱ्हाडपर्यंत बसायला जागा होती. पुढं महामार्गाचं काम, धूळ, वळवलेले रस्ते. जाणार असाल तर कऱ्हाडच्या स्टँडवरच पोटभर खाऊन घ्या. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं प्रवास खिशाला हलका. अंगाला मात्र नाही. साताऱ्यात मेढ्याच्या गाडीची वाट बघता बघता ताई बाकावर बसल्या बसल्या पेंगल्या. मेढ्यातून वाडीपर्यंत वडापची जीप मिळाली, तीही दाटीवाटीची.

अंगणात शिरलो तर भाभी एकट्याच हौदातलं पाणी बादलीनं उचलून, उंचावरून परत हौदातच ओतत होत्या.

"सकाळधरनं लाईट न्हाई! हवंचं मशीन बंद पडलंय, मासं वर याय लागल्यात. आवं, बघताय काय, बादल्या घ्या!"

चहापाणी राहिलं बाजूला. पदर खोचून आम्ही ओतायला लागलो. आम्ही शिंपले बघायला आलोय आणि वाचवतोय मासे, हे काय, म्हणून मी विचारलं.

"पिल्लं माशाच्या कल्ल्यालाच चिकटल्यात की," भाभी धापा टाकत म्हणाल्या. "तितंच वाढत्यात. जरा मोठी झाली की गळून खाली वाळूत पडत्यात. मासा मेला तर तीबी गेली."

लाईट आली तेव्हा ऊन कललं होतं आणि निम्मे मासे उलटे तरंगत होते. माझे खांदे वर होईनात. भाभींनी एका मेलेल्या माशाचा कल्ला उघडून दाखवला. आत रव्यासारखे पांढरे कण.

"पडायलाच आली हुती," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मेलेले मासे घमेल्यात गोळा करायला लागल्या.

आधी गळून पडलेली पिल्लं शेजारच्या उथळ टपात होती. तळाला बारीक वाळू, वर हिरवट पाणी; तो शेवाळाचा हिरवेपणाच त्यांचं खाणं. भाभींनी हातात भिंग दिलं. तिळाएवढे शिंपले, आणि ते सरकले तिथं वाळूत केसासारखी रेघ. बोटाच्या नखाएवढे व्हायलाच कितीतरी महिने जातात म्हणे.

मुक्काम भाभींकडेच केला. जेवताना त्या म्हणाल्या, "थोडीच ऱ्हायल्यात, पर इतक्या लांबनं आलाय. देते तुमाला."

ताईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "नको, भाभी. सासूबाईंना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. लाईट गेली की माझा जीव खालीवर. त्या गेल्या, तरी अजून पंखा थांबला की मी दचकून उठते. आज ते मासं तोंड वर करून आलेलं बघितलं आणि... आता परत कुणाचा श्वास माझ्या हातात नको."

भाभींनी त्यांच्या ताटात आमटी वाढली. "माझं उलटं हाय. पोरी नांदायला गेल्या, घर लय मोकळं झालं. मला उठून कुणाकडंतरी बघाय पायजे. पर तुमी सांगितलं ते बरं केलं."

सकाळी साताऱ्यातून कंदी पेढे घेतले आणि परतलो. ताई तासगावला न जाता सांगलीत माझ्याकडेच उतरल्या आणि आडव्या झाल्या त्या संध्याकाळपर्यंत.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. फक्त मुक्कामाच्या तयारीनं जा, आणि जुने कपडे न्या. माझे खांदे आठवडाभर दुखले, ते दुखणं आता उतरलंय. मोत्यांचं आमचं काही झालं नाही. ताई या घरच्या थोरल्या. सगळ्यांचं करत आल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना बघतेय, आणि एखाद्या गोष्टीला "नको" म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.