तोंड रस्त्याकडे

जीपवाले नाना गाडी कधीही तोंड आत करून उभी करत नसत. लग्नाचा मांडव असो की आमच्या महाडच्या दवाखान्याचं आवार, आधी घामाघूम होत गाडी मागे मागे घालायची आणि तोंड रस्त्याकडे ठेवायचं. कुणी हसलं तर म्हणत, "पेशंट गाडीत बसल्यावर वळवत बसू काय?"

आमच्या उमरठ गावाहून पेशंट आणणं हा त्यांचा धंदा कमी आणि खोडच जास्त. माझ्या आईला साप चावला तेव्हा तिला त्यांनीच वेळेत पोचवलं, म्हणून ती आज आहे. पुढे मी त्याच दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची नर्स झाले आणि पहिले पेढे त्यांना नेऊन दिले. तेव्हापासून चारचौघांत मी त्यांची "सिस्टर" झाले, एरवी "गो पोरी".

एकदा त्यांनी बिरवाडीच्या एका निवृत्त कारकुनाला आणलं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे नळी घालून मोठं आतडं तपासताना, आतड्याला बारीक भोक पडलं होतं. क्वचित पडतं तसं. पोट दुखू लागताच तो निघाला, म्हणून आमच्या सर्जन सरांना पोट फाडावं लागलं नाही. तीन छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारं घालून त्यांनी आतल्या आत टाके घातले. पाचव्या दिवशी कारकून आपल्या पायांनी चालत जीपमध्ये बसला. त्याच्या पोटावरच्या तीन पट्ट्या बघून नाना थक्क. मी म्हटलं, "वेळेत आले ना, म्हणून." ही गोष्ट मग ते गाडीत बसेल त्याला सांगत.

मग त्यांनाच शौचातून रक्त जाऊ लागलं. तपासणीला ते तयार नव्हते. मी भांडले, आईची शपथ घातली. कोलोनोस्कोपी आमच्याकडेच झाली, गाठबीठ काही निघाली नाही आणि सून त्यांना घरी घेऊन गेली. संध्याकाळी मी फोन केला.

"कसं वाटतंय, नाना?"

"बरा हाय गो. हवा भरलीय पोटात, जाईल."

पोटात थोडी हवा राहील असं आम्हीच सांगितलं होतं. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या एका म्हातारीला डायलिसिसला आणायचं त्यांनी कबूल केलं होतं. आणलं. वरच्या खिडकीतून मला जीप दिसली, तोंड भिंतीकडे. आज नानांनी कंटाळा केला म्हणून मला हसू आलं. मी हात केला. त्यांनी स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. एक जिना चढून आले असते तर तीन छिद्रांत काम झालं असतं. ते खाली चार तास बसून राहिले, म्हातारीला घरी सोडलं आणि मग अंगणात पडले.

सून त्यांना घेऊन आली तेव्हा पोट फळीसारखं कडक झालं होतं. सरांनी आधी दुर्बीणच घातली. पडद्यावर सगळीकडे पू दिसला. "उघडावं लागेल," सर म्हणाले, आणि मी हत्यारं त्यांच्या हातात देत राहिले. तिसऱ्या दिवशी नाना गेले.

सून मला म्हणाली, "मी बोलले त्यांना, सिस्टरला फोन करते. तर म्हणाले, 'नको. तिनंच हट्टानं पाठवलाय मला. दुखतंय सांगितला तर डाक्टर तिलाच बोलतील, पोरीच्या नोकरीचा प्रश्न हाय.'" ती माझ्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता कोलोनोस्कोपी झालेल्या प्रत्येकाला मी संध्याकाळी फोन करते. बरं आहे म्हणाले तरी थोड्या वेळानं पुन्हा करते. पोट कडक लागतंय का, चालताना दुखतं का, ताप आहे का, कुणाची भीड वाटतेय का. लोक वैतागतात. "किती वेळा विचाराल, सिस्टर?" म्हणतात.

नानांना मी एकदाच विचारलं होतं.