एप्रन काढून दिला तो रविवार

देवावर माझी श्रद्धा आहे, पण स्वभाव चौकस. गुरुवार करते, दत्ताचं नाव घेते, आणि घेता घेता मनात दहा शंकाही काढते. सासूबाई म्हणायच्या, हिला साक्षात दत्तमहाराज भेटले तरी ही आधी पत्ता विचारील. त्यामुळे पुढे सांगते आहे त्याला मी चमत्कार म्हणत नाही. घडलं तसं सांगते.

हैदराबादेत गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघत होते, त्या वर्षांतली गोष्ट. खासगी नर्सिंग होमही भराभर उघडत होती, पण गरीब बाई बाळंतपणाला जायची ती सरकारी दवाखान्यात, आणि तिथे दाराच्या आत तिच्या ओळखीचं कुणी नसायचं. ओरडली तर बोलणी बसायची. कळा चालू असतानाच मुलं बंद करायच्या ऑपरेशनच्या कागदावर अंगठा घेतला जायचा. हे थांबावं म्हणून आम्ही आठ जणींनी जामबागेत आमच्या घरी एक मंडळ काढलं. आमच्यातली एक जण बाळंतिणीजवळ शेवटपर्यंत बसायची, पाठ चोळायची, धीर द्यायची. तिला आम्ही सोबतीण म्हणायचो. मंडळाची प्रमुख मी.

प्रमुख असून मी स्वतः कधी कुणाच्या उशाशी बसले नव्हते, हे इथे कबूल करते. माझी दोन मुलं पोटातच गेली, तेव्हापासून त्या खोलीची मला धास्ती होती. मी अर्ज लिहायची, साहेबांना भेटायची, बैठका घ्यायची. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एका महिन्यापुरती परवानगी दिली, तीही माझ्या अर्जावर. एका बाईमागे एकच सोबतीण, आणि तिच्या अंगात मंडळाचा निळा एप्रन. त्यांना खूश करायला मी आपण होऊन आणखी एक ओळ घातली, की आमच्याकडून कुठल्याही जुन्या अडाणी चाली होणार नाहीत.

ती ओळ अंजम्माच्या जिव्हारी लागली. मलकपेठेची अंजम्मा आमच्यात सगळ्यांत मोठी, हाडाची सुईण. कळा अडल्या की ती बाईची वेणी सोडायची, कमरेच्या दोऱ्याची गाठ सोडायची, घरातली कुलपं काढायला लावायची. बांधलेलं सगळं मोकळं झालं की मूलही वाट धरतं, अशी तिची समजूत. मी चौघींसमोर तिला म्हणाले, "ये सब अब बंद." तिनं एप्रन काढून माझ्या हातात दिला. "आप एक बार भी अंदर नै बैठे, अम्मा," एवढंच बोलली आणि गेली. ती खरं बोलली होती, म्हणून मला जास्तच राग आला.

पुढच्याच आठवड्यात बोनालचा रविवार होता. अर्धं शहर डोक्यावर नैवेद्याची मडकी घेऊन देवीला निघालं होतं, मंडळातली एकही बाई मोकळी नव्हती. सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर दवाखान्याचा निरोप आला. बालमणी नावाची मुलगी होती, नवरा रेसकोर्सच्या तबेल्यात कामाला, पहिलं मूल जन्मतःच गेलेलं. मला जावंच लागलं.

सोबतिणींसाठी मंडळाच्या वहीत लिहिलेलं होतं नव्हतं ते सगळं मी करून पाहिलं. लंबी सांस लेव म्हटलं, पाठ चोळायला गेले. बालमणीनं मुठी आवळल्या, अंग ताठ केलं, श्वास कोंडून धरला. "नक्को! हाथ नक्को लगाव!" ती किंचाळली. डॉक्टर तपासून म्हणाल्या, अजून तासभर बघू, नाहीतर पोट उघडावं लागेल. ते ऐकून बालमणी म्हणाली, "ये भी मर जाता." मी चक्क बाहेर पळाले.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी रडले. म्हटलं, दत्ता, माझी हुशारी संपली. आता तू बघ.

"अंदर तुम्हारी बेटी हे क्या?" बाकाच्या टोकाशी एक बाई बसली होती. साधारण पन्नाशीची, हळदीनं पिवळे झालेले पाय, केसांत कडुलिंबाची डहाळी. देवळातून थेट आलेली दिसत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं, का ते आजही कळत नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मैं बैठूं क्या उसके पास?"

आत एकच जण जाऊ शकत होती. ही बाई कोण, कुठली, काहीच माहीत नाही. कुणी पकडलं असतं तर परवानगी जागच्या जागी रद्द झाली असती आणि वर्षभराची खटपट पाण्यात. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. तरी मी एप्रन काढला आणि तिच्या हातात दिला.

मी बाहेर बसून राहिले. पहिल्यांदाच माझ्या हातात काही काम नव्हतं. थोड्या वेळानं सिस्टर दारात आल्या, केरळच्या, कडक शिस्तीच्या. "वो कौन है? पेशंट का बाल खोल दिया!"

खोटं बोलायला जीभ वळेना. "मला माहीत नाही, सिस्टर," मी मराठीतच बोलून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत पाहिलं. मग खिशातून किल्ली काढली आणि भिंतीतल्या कपाटाचं कुलूप उघडून ठेवलं. "हमारे उधर भी ऐसा ही करता," जरा लाजूनच म्हणाल्या.

तास भरायच्या आत बाळ रडलं. मुलगी, चांगली खणखणीत आवाजाची. मी धावत आत गेले, बालमणी घामानं थबथबलेली, हसत होती. तिला आणि बाळाला पाहून मी बाहेर आले तेव्हा बाकावर एप्रन घडी करून ठेवलेला होता आणि बाई गेली होती. सासूबाईंची ही चौकस सून, साधं नाव विचारायचं विसरली! नंतर मी फाटकावरच्या शिपायाला विचारलं, सिस्टरना विचारलं, जवळच्या देवळात जाऊन आले. कुणाला ती आठवेना.

पण कुतूहल गप्प बसू देईना. दुसऱ्या दिवशी बालमणीला विचारलं, तिनं आत नेमकं केलं काय? कुठला मंत्र म्हटला, कुठली गाठ सोडली?

बालमणी म्हणाली, "कुछ नै, अम्मा. पैले पूछी, मैं बैठूं क्या. मैं हौ बोली तो बैठी. फिर पूछी, वो पैला बच्चा कैसा था. किसी ने नै पूछा था मेरे कू. मैं बोलती गई, रोती गई, वो सुनती गई. बालां भी पूछके खोली."

मी दवाखान्याला विचारलं होतं, डॉक्टरांना विचारलं होतं, नवऱ्यांना, सासवांना विचारलं होतं. बायकांना विचारल्याशिवाय कुणी काही करू नये म्हणून मंडळ काढणारी मी, आणि त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवताना तिला विचारलं नव्हतं. अंजम्मालाही नाही.

मोठ्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं खरं सांगून ती ओळ अर्जातून काढायची विनंती केली. त्यांनी मला खूप झापलं, पण परवानगी ठेवली, पुढे वाढवलीही. माफी मागायला गेले तर अंजम्मानं मात्र मला तीन वेळा दारातून परत पाठवलं, चौथ्यांदा चहा दिला. मंडळाची प्रमुख आता ती आहे.

मी सोबतीण झाले. ती बाई कोण होती, हा प्रश्न मी आता दत्तावर सोडला आहे; त्याचे उपकार मात्र विसरत नाही. खाटेजवळ जाते, हात पाठीमागे ठेवते आणि विचारते, "मैं बैठूं क्या?" बहुतेक जणी हो म्हणतात. एखादी नक्को म्हणते. तेव्हा मी बाहेर बाकावर जाऊन बसते आणि नामस्मरण करते.