नानांची डावी नाकपुडी

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. मी नाना देवळ्यांविषयी खरं बोलणार आहे. त्यातून जे चांगलं निघेल ते त्यांचं.

गारखेड्यात आम्ही एकाच मालकाचे भाडेकरू. ते खाली, आम्ही वर. पहिल्याच सकाळी नाना दारात नाकाखाली बोट धरून उभे दिसले. मी विचारलं, "शिंक अडकलीय का?"

"शिंक नाय सर, स्वर पाहतोय."

मग मला शाळेची घंटा चुकेपर्यंत शास्त्र ऐकावं लागलं. डाव्या नाकपुडीतून वाहतो तो चंद्राचा श्वास, उजवीतून वाहतो तो सूर्याचा. शुक्ल पक्षात पहिले तीन दिवस सूर्योदयाला चंद्र चालायला हवा, पुढचे तीन दिवस सूर्य. वद्य पक्षात उलटं. लग्न, घरबांधणी, दूरचा प्रवास, कुणाला होकार देणं ही कामं चंद्रावर करायची. जेवण, आंघोळ, कापाकापी आणि भांडण सूर्यावर. "लोकं पंचांग इकत आणत्यात," नाना म्हणाले, "आपलं नाकातच हाय."

आमच्या घरी पौर्णिमेला बुद्धवंदना होते, चंद्राशी आमचा संबंध तेवढाच. हे सांगितल्यावर नाना कीव आल्यासारखं म्हणाले, "तुमचं बरं हाय. तुमाला महिन्यातून एकदाच भागतं."

त्यांची अडचण अशी, की त्यांचा चंद्र कधी चालतच नसे. केव्हाही बोट धरावं, सूर्यच. त्यामुळं भांडणाला बारा महिने मुहूर्त. टँकरवाल्याशी, रिक्षावाल्याशी, मालकाशी नाना अगदी शास्त्रोक्त भांडत. शहराच्या कडेला, सातारा परिसरात, घर बांधायला घेतलेल्या प्लॉटवर मात्र वेड्या बाभळी माजल्या. मावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, सख्ख्या भाच्याचं लग्न फर्दापूरला होतं. मावशी नवी साडी नेसून पिशवी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. नानांनी दोनतीनदा बोट धरून पाहिलं आणि "दूरचा परवास सूर्यावर नाय" म्हणून चपला काढल्या. फर्दापूर म्हणजे काही काशी नव्हे, दुपारी निघून जेवायला पोचता येतं. मावशी आत गेल्या आणि त्यांनी कुकर लावला.

चंद्र आपल्यावर रुसलाय अशी नानांची खात्री होती. त्याला मनवायला ते उजव्या काखेत उशी दाबून बसायचे, म्हणजे म्हणे डावा स्वर सुटतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला सहा फुटी माणूस काखेत उशी घेऊन पेपर वाचतोय, हे मी रोज जिन्यावरून पाहत असे. हसू दाबायला मला कधी जमलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये ज्योती होती. त्यांची एकुलती मुलगी, औरंगपुऱ्यात एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिचं ठरलं होतं. मुलगा चांगला, घरचे चांगले, नानांचाही विरोध नव्हता. "नाय कुठं म्हणतोय मी? चंद्र आला की व्हय म्हणतो." असं म्हणत त्यांनी दोन वर्षं काढली. शेवटी मुलाच्या आईनं निरोप धाडला, की दिवाळीपर्यंत होकार कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडं पाहतो. ज्योतीनं बापाशी बोलणंच सोडलं.

त्यातच नानांना सर्दी झाली. दोन्ही नाकपुड्या बंद, डोकं ठणकतंय. मी त्यांना औरंगपुऱ्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी नाकात बॅटरी मारली.

"चाचा, डाव्या बाजू का हाड टेढा है. बचपन से ऐसाच होंगा. इधर से हवा जातीच नै."

नाना कसंबसं म्हणाले, "मग चंद्र?"

"कौन चंद्र?" बाईंनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "घरचा विषय आहे."

वाकड्या हाडामुळं प्लॉट रिकामा, भाच्याचं लग्न मावशींविना आणि पोरगी बिनलग्नाची. येताना रिक्षात मी हसत होतो. नाना डाव्या नाकपुडीवर बोट ठेवून बसले होते. ऑपरेशनला मात्र लगेच तयार झाले. कापाकापी सूर्याचंच काम.

ऑपरेशननंतर दोन्ही नाकपुड्यांत बोळे, वर पट्टी, आणि नाना तोंडानं श्वास घेत पडलेले. मी खुर्चीवर, मावशी पायाशी. ज्योती दुकानातून थेट आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "नाना, आज सूर्य पण नाय आन् चंद्र पण नाय. आता तुमचं तुम्ही सांगा."

नानांचा हात सवयीनं नाकाकडं गेला, पट्टीला लागला आणि खाली आला. त्यांनी नजर पंख्याकडं वळवली. मग बोळ्यांमुळं जाड झालेल्या आवाजात म्हणाले, "लई भ्या वाटतं गं. चुकलं तर बोल कोनाला लावू?"

"मला लावा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला त्यांची दया आली, आणि संतापही आला, कारण एवढंच वाक्य ते दोन वर्षांपूर्वी बोलू शकले असते. शेवटी त्यांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "कळव त्यांना."

ज्योती फोन घेऊन बाहेर धावली. मावशींनी नानांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

"जन्मभर नाकाला इचारलं," त्या म्हणाल्या. "मी बाजूलाच बसले व्हते."