शीर्षकपृष्ठावरची वीणाधारिणी

श्रीगजाननास आणि वाग्देवीस वंदन करून, पत्नीच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने ही आठवण लिहितो. ती गेल्यावर मुलाने मला बॉनला आणले. हिवाळा होता, दुपारी चारलाच अंधारून येई. बारा वर्षांच्या नातीला मराठी समजे, पण उत्तर ती जर्मनमध्ये देई. आम्हां दोघांत बोलणे असे होतच नसे.

एका रविवारी मुलगा आम्हांला जुन्या ग्रंथांच्या प्रदर्शनाला घेऊन गेला. काचेखाली एका ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ उघडून ठेवले होते, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. मध्ये कमान, कमानीत ग्रंथाचे नाव, माथ्यावर पंख असलेला, हाती विळा घेतलेला वृद्ध काळ. आपल्याकडे मंगलाचरण शब्दांत असते, इथे ते चित्रात आहे, असे मला वाटले. डावीकडे एक स्त्री, हाती पोथी, मनगटाला सर्प. उजवीकडची तंतुवाद्य आणि आरसा घेतलेली. ही वीणाधारिणीच, असे समजून मी बूट काढले आणि हात जोडले.

रखवालदार पाहत राहिला. नात खाली कोरलेली अक्षरे वाचून वडिलांच्या कानाशी लागली.

"बाबा, ही सरस्वती नाही," मुलगा हळूच म्हणाला. "तुमच्या नातीला शाळेत लॅटिन आहे ना, ती खालची अक्षरं वाचून सांगतेय. ही उजवीकडची म्हणजे पोकळ मिरवणं. शहाणपण ती डावीकडची, पुस्तकवाली."

मी ओशाळलो, पण चुकीच्या नमस्कारामुळे नव्हे. माझ्या घरातही आयुष्यभर हीच मांडणी होती. मी भाष्य लिहायला बसलो की पत्नीला सतार खाली ठेवायला सांगत असे. अहो, एवढी गत संपवते, असे ती म्हणे. पुढे तेही म्हणेनाशी झाली, आणि सतारीवर गवसणी चढली ती कायमची. ते भाष्य अजून अपुरेच आहे.

तेवढ्यात नात मराठीत बोलली. "आजोबा, आजीकडे पण असं वाद्य होतं. तिने मला दाखवलेलं. मग आजी वाईट?"

"नाही बाळ," मी म्हणालो. "मिरवणं माझं होतं."

खाली वाकून तिने माझे बूट उचलले आणि हातात धरून थांबली. मी त्याच उजव्या मूर्तीला पुन्हा हात जोडले. या वेळी नमस्कार कोणाला, ते मला ठाऊक होते.

वाचकहो, तुमच्या घरी पोथी आणि सूर एकत्र नांदोत. आणि क्षमा मागायची ती माणूस समोर असतानाच मागण्याची बुद्धी जगदंबा तुम्हां सर्वांना देवो.