नऊ मार्कांची सीडी

बिबवेवाडीच्या सीडीवाल्याने मला फसवलं. भंगार विकण्यापासून सुरुवात करून मी हार्डवेअरचं दुकान उभं केलं. एवढ्या वर्षांत मला फसवणारा हा पहिलाच माणूस.

चष्मा कपाळावर, हातात लाल पेन. भाड्याने द्यायच्या प्रत्येक सिनेमाला तो दहापैकी मार्क द्यायचा आणि ते कव्हरवर लिहायचा. "हा चारचा आहे, नेऊ नका," हे पथ्य सांगावं तसं सांगायचा. मी भाड्यात घासाघीस करायचो, मार्कांत कधीच केली नाही.

सासरे पहिल्यांदाच राहायला आले, म्हणून नऊ मार्कांची सीडी नेली. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "जावईबापू, माझ्यासाठी बघत असाल तर बंद करा."

सकाळी मी सीडी त्याच्या काउंटरवर आपटली. "हा सिनेमा तुम्ही पाहिलाय का?"

"मी सिनेमे पाहत नाही," तो शांतपणे म्हणाला. "गिऱ्हाईक जी सीडी लवकर परत आणत नाही, ती चांगली. पुन्हा पुन्हा बघत असणार."

"मग ही कोणी ठेवून घेतली होती?"

त्याने चष्मा खाली ओढून वही पाहिली. "तुम्हीच. मागच्या महिन्यात, आठ दिवस. म्हणून तर नऊ दिले."

घरी विचारलं. बायको म्हणते, मुलांनी आणली असेल. मुलं म्हणतात, आईने. पाहिली मात्र कोणीच नाही. टीव्हीमागे पडून होती. माझ्या नावावर आणून ती आठ दिवस तिथे कोणी टाकली, ते मला आजच्या आज कळलं पाहिजे.