मामाजींच्या फोनमधली जागा

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. तर थंडीतल्या एका रविवारी सकाळी आमच्या मामाजींचा फोन भरला.

सेलूच्या जरा बाहेर आमचं वावर आहे. वांगी, फुलकोबी, मेथी, पालक, कडेला सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांपुरता एक वाफा. माझ्या नवऱ्यानं मामाजींना फोन घेऊन दिला होता तो बोलण्यासाठी. मामाजींनी बोलणं बाजूला ठेवलं आणि फोटो काढायला सुरुवात केली. पानावर ठिपका दिसला की फोटो, ढग आला की फोटो, मोटार बिघडली की फोटो, दुरुस्त झाली की पुन्हा फोटो. त्या सकाळी वांग्याची पानं पिवळी पडलेली दिसली. कृषी केंद्रवाल्याला फोटो पाठवून औषध विचारावं म्हणून त्यांनी फोन काढला, तर फोन काही केल्या फोटो घेईना. मामाजी एक पान तोडून खिशात टाकून तसेच घरी आले.

"हा काय म्हणून राह्यला, पाय बरं," त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"जागा नाही म्हणतो मामाजी. फोटोंनी भरला. थोडे डिलीट करू."

त्यांनी फोन माझ्या हातातून चक्क काढून घेतला. "डिलीट नाई करायचं. एकही नाई."

"अहो, हा बघा, यात नुसता तुमचा अंगठा आहे."

"राहू दे."

"हा तर सगळा काळाच आहे."

"राहू दे."

"बरं, ही लोकांनी पाठवलेली शुभ सकाळची गुलाबाची फुलं तरी?"

मामाजींनी जरा विचार केला. "लोकायनं एवढ्या मनानं पाठवले. पुसून टाकले तं त्यायले बरं वाटन काय?"

म्हटलं, मग एकच मार्ग उरतो. सगळे फोटो कॉम्प्युटरवर टाकायचे आणि फोन रिकामा करायचा.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो लॉकडाऊनमध्ये, मुलीच्या शाळेसाठी. मुलगी आता नागपूरला होस्टेलवर आणि कॉम्प्युटर टेबलक्लॉथखाली. सासूबाई त्याच्यावर लसणाची टोपली ठेवत. मी वर्धेच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर नोंदी करते. म्हणजे चौकटी भरते, बस. पण घरात माझा लौकिक असा, की मी हात लावला की कॉम्प्युटर ऐकतो. तो लौकिक त्या दिवशी पणाला लागला.

टोपली खाली ठेवली, धूळ पुसली, कॉम्प्युटर सुरू केला. मामाजी प्लास्टिकची खुर्ची ओढून शेजारी बसले. नवऱ्यानं जामच्या चौकातून, हायवेवरच्या एका गाड्यावरून आणलेली वायर फोनला लावली. फोन चार्ज व्हायला लागला. बाकी काही नाही. वायर काढली, फुंकली, परत लावली. पुन्हा चार्जिंग.

"तारात अटकले असतीन," मामाजी म्हणाले.

"तारेत फोटो अडकत नसतात मामाजी."

"पाण्याचा पाइप चोक होते ना!"

खरं कारण असं होतं, की ती वायर फक्त चार्जिंगचीच होती. फोटो तिच्यातून जाणारच नव्हते. हे माझ्या लक्षात यायला चहा थंड होईपर्यंत वेळ गेला. मग कपाटातून फोनच्या मूळ खोक्यातली वायर शोधली. ती लावल्यावर फोननं विचारलं, नुसतं चार्ज करू की फाइल पाठवू? मी फाइलवर बोट ठेवलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर मामाजींचा फोन उघडला. एकाच्या आत एक फोल्डर, आणि शेवटच्या फोल्डरमध्ये आमचं अख्खं वावर.

सगळे फोटो एकदम निवडून कॉपीला लावले. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि लाईन गेली. कॉम्प्युटर बंद. मामाजी खुर्चीतून उठलेच. "गेले काय सारे?"

"नाही, फोनमध्ये आहेत. आपण हलवले नाहीत, कॉपी केले."

"म्हंजे?"

"म्हणजे फोनमधला फोनमध्येच राहतो आणि तसाच एक इकडे येतो."

"वावराचं असं झालं असतं तं!" मामाजी म्हणाले आणि परत बसले.

लाईन दुपारी आली. तोवर जेवणं उरकली होती आणि सासूबाई अंगणात उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायला बसल्या होत्या. या वेळी मी शहाणी झाले. एकदम सगळे न घेता एकेका महिन्याचे फोटो घेतले, आणि प्रत्येक महिना आला की नीट उघडतो का ते तपासत गेले. तपासल्याशिवाय फोनमधलं काही पुसायचं नाही, असं मामाजींना वचनच दिलं होतं.

असं तपासताना पावसाळ्यातला एक महिना उघडला. वांगं, वांगं, अळी, ढग, अंगठा. मग मध्येच एक अर्धं कपाळ. त्यावर कुंकू. पुढच्या फोटोत कपाळ आणि आभाळ. त्याच्या पुढच्यात एक डोळा आणि नाकातली चमकी. मी फोटो मोठे करत पुढे जात राहिले आणि एकदम सासूबाईंचा पूर्ण चेहरा पडदाभर आला.

इथे एक सांगायला हवं. माझ्या सासूबाई फोटो काढू देत नाहीत. कोणी फोन वर केला, की त्यांचा पदर तोंडावर जातो. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या फक्त एक कोपर आहेत. एका फोटोत कोपर आणि हातातलं ताट. मुलीच्या बारशातही तेच. आणि इथे त्या हसत होत्या. गालाला फुलकोबीचा गड्डा लावलेला. पुढच्या फोटोत मामाजींची टोपी घातलेली. पुढच्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा, आणि मान अशी वाकडी केलेली की माझी मुलगी तरी काय करेल. एकात चक्क जीभ बाहेर. मागे सगळीकडे आमचंच वावर, आमचंच कडुलिंबाचं झाड.

मी घाईघाईनं ती खिडकी बंद केली.

"काऊन बंद केलं?" मामाजी म्हणाले. "चालू दे."

"मामाजी, ते आईंचे..."

"मले माईत आहे." त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दुपारी जेवण झालं का मी निंबाखाली लेटतो. शर्ट फांदीले टांगतो. फोन शर्टात. मले झोप लागली असं वाटलं का तुही सासू हळूच फोन काढते."

"आणि फोनचं लॉक?"

"काढून टाकलं म्या. तिले उघडता येत नोहतं, बिचारी उगाच बोटं फिरवत बसे."

आता मला कळलं, डिलीट या शब्दानं ते एवढे का बिथरले होते. "मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं तं बंद करन ते."

मी ती खिडकी परत उघडली. आम्ही दोघं बघत राहिलो. सुरुवातीच्या फोटोंत नुसतं कपाळ यायचं, ते हळूहळू सुधारत गेलेलं दिसत होतं. उजेड कुठून घ्यायचा, फोन किती लांब धरायचा, हे त्या बाईनं कोणाला न विचारता शोधून काढलं होतं. मामाजी पुढे झुकून बघत होते. त्यांनी हे फोटो फोनच्या त्या एवढ्याशा काचेवर, तेही चोरून, पाहिले असणार. एवढे मोठे पहिल्यांदाच दिसत होते.

आणि मागून आवाज आला, "मेथी संपली वो, आता..."

सासूबाई दारात. पडद्यावर त्या स्वतः, काळा चष्मा लावून.

पदर झटकन तोंडावर गेला. "बंद कर! बंद कर वो ते!" मी माउस शोधायच्या आत त्यांना दुसरी गोष्ट सुचली. पदर खाली आला आणि त्यांनी मामाजींकडे पाहिलं. "तुमाले माईत होतं?"

मामाजींनी नजर वायरीकडे वळवली.

"म्हंजे तुमी झोपत नोहता?"

"झोपत नोहतो."

"मंग घोरत कोन होतं?"

"मीच," मामाजी म्हणाले. "खोटं खोटं."

मला हसू आवरेना, पण ती वेळ हसण्याची नव्हती. सासूबाई खरंच रागावल्या होत्या. फोटो दिसले याचा राग असेलच, पण त्याहून मोठा राग त्या घोरण्याचा होता. संध्याकाळी भाकरी करताना त्यांनी तवा असा आपटला की मामाजी अंगणातून आतच आले नाहीत.

फोन मात्र रिकामा झाला. सगळं तपासून मी जुने फोटो फोनमधून काढले, वांग्याच्या पिवळ्या पानाचा फोटो घेतला, कृषी केंद्रवाल्यानं औषध सांगितलं, फवारणी झाली. पण मामाजी म्हणाले होते तसंच झालं. सासूबाईंनी फोन हातात घेणं बंद केलं. दुपारी मामाजी निंबाखाली शर्ट टांगून पडायचे, जरा जास्तच घोरायचे, आणि सासूबाई पाठ फिरवून तण निंदत राहायच्या. "रिकामा फोन घेऊन काय करू?" मामाजी मला एकदा म्हणाले. जागाच जागा होती, आणि त्यात नुसती फुलकोबी.

मी मध्ये पडले नाही. सासूबाईंना समजवायला गेलं की त्या अजून घट्ट होतात, हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे.

मग एका सकाळी मामाजी भाजी घेऊन बाजाराला गेलेले असताना त्या स्वतःच आल्या. टेबलक्लॉथचं टोक उगाच सरळ करत म्हणाल्या, "ते कॉम्प्युटरात गेलेले, ते आता कुठं राह्यते?"

"इथेच आहेत आई. दाखवू?"

"दाखव बरं. दार लावून घे आधी."

मी दार लावलं. त्या मामाजींच्याच खुर्चीत बसल्या आणि एखादा साडीचा पदर तपासावा तसा एकेक फोटो तपासू लागल्या. "याच्यात नाक मोठं आलं. हा बरा आहे. हे काय, मागं बकरी कोनाची?" जीभ काढलेल्या फोटोशी थांबल्या, आणि हसू दाबलं.

"आई, एक विचारू? आमच्या लग्नात एवढं सांगितलं, तुम्ही पदर काही काढला नाही. आणि इथे?"

त्यांनी टेबलक्लॉथचं टोक पुन्हा सरळ केलं. मग सांगितलं. लग्नाआधी त्यांचा फोटो काढला होता, वर्धेच्या एका स्टुडिओत, स्थळांना पाठवायला. पहिल्याच स्थळाकडून फोटो परत आला. मुलगी काळी दिसते, असा निरोप. "घरातल्या बाया माह्या देखत बोलल्या. फोटोच काढाले नाई पाह्यजे होता, म्हणे. तवापासून कोनी समोर कॅमेरा धरला, का मले त्या बाया दिसतेत."

"आणि मामाजींना कोणता फोटो पाठवला?"

"कोनताच नाई. हे स्वतः आले पाहाले." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मंग एक दिवस ह्यायच्या शर्टातून फोन खाली पडला. उचलला तं बोट लागून कॅमेरा सुरू झाला, अन् त्यात मीच दिसली. म्हटलं, कोनी पाहाले नाई, कोनी बोलाले नाई. आपन कशी दिसतो ते आपनच पाहू."

"मग? कशा दिसता?"

"बरी दिसतो," सासूबाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "हा कोबीवाला कागदावर काढता येईन काय?"

मी तो फोटो पेन ड्राइव्हवर घेतला आणि पुढच्या सुटीच्या दिवशी आम्ही दोघी बसनं वर्धेला गेलो. मामाजींना सांगितलं, डोळ्याचा ड्रॉप आणायला जातो. त्यांनी मान हलवली. आम्ही काय आणायला चाललो हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी ड्रॉप कोणता, हे विचारलं नाही.

स्टुडिओवाल्यानं फोटो उघडला आणि सवयीनं कामाला लागला. "मागचं हे शेत काढून निळा पडदा टाकतो. कोबी पण काढू. आणि चेहरा थोडा उजळ करू, चालेल ना काकू?"

"काही हात नोको लावू," सासूबाई म्हणाल्या. "कोबी राहू दे. वावर राहू दे. रंगही राहू दे, माहाच आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्या सांगतील तसं."

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. फोटो जाड पाकिटात होता. पवनारच्या पुलापर्यंत त्यांनी पाकीट मांडीवर नुसतं धरून ठेवलं. पूल ओलांडल्यावर फोटो बाहेर काढला आणि उजेडाकडे धरून बघत बसल्या. पुढच्या सीटवरची एक अनोळखी बाई, मांडीवर तांदळाची पिशवी घेतलेली, मागे वळून बघायला लागली. मला वाटलं, आता पदर वर जाणार.

"कोनाचा फोटो आहे वो बाई?" तिनं विचारलं.

"माहा," सासूबाई म्हणाल्या, आणि तिला नीट दिसावा म्हणून फोटो तिच्या हातातच दिला. "म्याच काढला."