वस्तादांचा चिमटा

मंगरूळपीरचे आमचे वस्ताद कोणाला सलाम, रामराम, जयभीम काही करत नसत. समोर आलेल्या माणसाच्या कमरेवरची कातडी दोन बोटांत धरायची, चिमटा काढायचा आणि निकाल द्यायचा. आमच्या वस्तीतल्या पोराचा धक्का लागला तर घरी जाऊन अंगावर पाणी घेणारे लोक तेव्हा गावात होते. वस्ताद मात्र आमच्या कमरा दुकानात कापड पाहावं तशा चाचपत.

ते जातीनं पिंजारी. पुढे गाद्या भरायचं दुकान, मागे तालीम. शरीराचं त्यांचं सगळं ज्ञान गादीतून आलेलं. "कापूस कमी भरला तं गादी टोचते, लय भरला तं गाठी होतात," म्हणायचे. स्वतःचं पोट लुंगीवर येऊन बसलेलं. त्याबद्दल कोणी बोललंच, तर दुकानात माल ठेवावाच लागतो, एवढंच उत्तर.

मी बी.एस्सी. झालो होतो. आमच्या घराण्यातला पहिलाच; हे मी कोणी न विचारताही सांगतो. मला फौजदार व्हायचं होतं. ज्या ठाण्यासमोरून बाबा मान खाली घालून जात, तिथल्या खुर्चीत बसायचं होतं. पण भरतीत छाती दोन बोटं कमी भरली. वयाच्या हिशेबानं आणखी एकच संधी उरली होती.

मग मी पेटलो. रोज पाचशे बैठका, तेवढेच जोर, आणि जेवण अर्धं. कारण सलूनमधल्या चित्रातल्या पहिलवानाच्या पोटावर चौकोन होते. चौकोन माझ्याही पोटावर आले. पण दंड वाळले आणि छाती आणखी बोटभर आत गेली. भर उन्हाळ्यात पहाटे थंडी वाजायची. दाढीसुद्धा वाढायचा कंटाळा करू लागली.

वस्तादांनी चिमटा काढला. हाती नुसती कातडी आली. त्यांनी सगळ्या तालमीसमोर विचारलं, "खरं सांग, सपनात पोरगी येते का भाकर?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण दोन महिने स्वप्नात भाकरच येत होती, तीही तेल-तिखट लावलेली. तसं सांगितलं. पोरं मातीत लोळून हसली. वस्ताद हसले नाहीत.

"मंग जोर बंद. तुहं अंग तुलेच खाऊन राह्यलं. ज्याले पोरगी सुचत नाई, त्याच्या दंडात गोश्त कायचं भरन?"

महिनाभर तालमीत यायचं नाही, पोटभर जेवायचं, वर तीळ आणि शेंगदाणे, आणि दुपारीही झोपायचं. मला राग आला. अंगठेबहाद्दर माणसानं पदवीधराला शिकवावं! तरी खाल्लं. वीसेक दिवसांनी स्वप्न बदललं. तपशील सांगत नाही. सकाळी दुकानात जाऊन वस्तादांना तेवढं कळवलं. त्यांनी सुई गादीत खोचली आणि म्हणाले, "चाल, लंगोट बांध."

पुढच्या भरतीत छाती बोटभर जास्तच भरली.

निकालाची वाट पाहताना जुनं शरीरशास्त्राचं पुस्तक चाळलं. चरबी फार आटली की हार्मोन नावाचे रस मंदावतात, स्नायू भरत नाहीत. फार वाढली तरी तेच रस बिघडतात. मोठ्या ऐटीत मी ते वस्तादांना वाचून दाखवलं. कापूस पिंजता पिंजता त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे लिवणारा कोन्त्या तालमीतला?"

बऱ्याच वर्षांनी फौजदाराच्या वर्दीत त्यांना भेटायला गेलो. ते आजारी होते, स्वतःच भरलेल्या गादीवर पडून. मला वाकायला लावलं, पट्ट्यावरून बाहेर आलेलं माझं पोट धरलं आणि म्हणाले, "गाठी झाल्या, सायेब. पुन्हा पिंजा लागते."

मीही हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या कमरेला चिमटा काढला. कातडीखाली काहीच नव्हतं. माझी बोटं तिथंच राहिली.

वस्तादांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कापूस सरला, बेटा. खोळ राह्यली," ते म्हणाले. मग माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. "तुह्यातला देतं का थोडा?"